निकषात न बसलेलं तेल

चाकणच्या बाजारपेठेत इब्राहिम तांबोळीचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली मोटार कुणी आणून टाकली की तो तिची काळी पडलेली तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं करून भरायचा आणि मोटार पुन्हा घुमायला लागली की गिऱ्हाइकाकडे बघून नुसता मान हलवायचा. बोलायचा कमी. पण त्याची मुलगी शाहीन राजगुरुनगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र शिकून एमआयडीसीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तेव्हापासून हाच माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागला, "आमची शाहीन तपासणीला आहे. पाणी, मसाला, तेल, काय पण आणा. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही."

खरं तर पहिली काही वर्षं शाहीनच्या हाताखालून फक्त पाणी जात होतं. सोसायट्यांच्या बोअरचं, कंपन्यांच्या कॅन्टीनचं, टँकरचं. तिला तेलाची आवड लागली ती प्रयोगशाळेने चुंबकाचं मशीन घेतल्यावर. कागदोपत्री त्याला एनएमआर म्हणत. टेबलावर मावेल एवढं, दिसायला एखाद्या पांढऱ्या पेटीसारखं. ते शिकायला कुणाला पाठवायचं असा प्रश्न आला तेव्हा बाकीचे मागे सरले, कारण नवं मशीन म्हणजे नवी जबाबदारी. शाहीन गेली. परत आली ती त्या मशीनची होऊनच.

घरी जेवताना तिने इब्राहिमला ते समजावून सांगितलं होतं. "अब्बा, पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या नळीत तेलाचे थेंब घ्यायचे, औषधात विरघळवायचे आणि नळी चुंबकात सोडायची. मग वरून रेडिओच्या लहरी द्यायच्या. तेलात हायड्रोजनचे अणू असतात, ते त्या लहरींना उत्तर देतात. पण सगळे एका जागेवरून उत्तर देत नाहीत. कोण कुणाच्या शेजारी बसलाय, त्यावर त्याची जागा ठरते. कागदावर उंच-ठेंगणी शिखरं उमटतात. ती मोजली की तेलात कोणतं फॅटी अ‍ॅसिड किती आहे ते कळतं. आणि ते कळलं की तेल कशाचं हे कळतं."

"म्हणजे चुंबक आणि वेटोळंच की," इब्राहिम म्हणाला. "आपलंच काम आहे हे."

"आपलंच," ती हसली.

तेव्हा ती सुखात होती. जुन्या मशीनवर ज्या कामाला अर्धा दिवस जायचा, ते आता चहा निवेपर्यंत व्हायचं. शेंगदाण्याच्या तेलात पामोलिन घातलेलं, मोहरीत सोयाबीन मिसळलेलं, तिळाच्या नावाखाली भलतंच काही विकलेलं तिने पकडलं होतं. चोर पकडल्याचा जो एक आनंद असतो तो तिला मिळत होता, आणि ज्यांची तेलं ती नापास करी त्यांच्याबद्दल तिला कधी दया वाटली नव्हती. का वाटावी? शिखरं खोटं बोलत नाहीत, असं ती म्हणायची.

कुरुळीत कुशाबाईचा लाकडी घाणा होता. कुशाबाई मूळची मंगळवेढ्याकडची. नवरा भिवा कंत्राटी कामगार म्हणून इकडे आला, त्याच्याबरोबर तीही आली. भिवा काविळीने गेला. मुलगा बाळू तेव्हा शाळेत होता. गावाकडे परत जाण्यापेक्षा तिने कुरुळीतल्याच रंगरावांचं पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं आणि घाणा बसवला. करडई तिच्या भावाच्या, बिरूच्या, काळ्या रानातून यायची. घाण्याची मोटार इब्राहिमने बसवून दिली होती आणि ती बिघडली की तोच जायचा. त्यामुळे दोन्ही घरांत येणं-जाणं होतं. ईदला कुशाबाई तेलाचा डबा पाठवायची, इब्राहिमकडून शीरखुर्मा जायचा. शाहीन तिला मावशी म्हणायची.

घाण्याला दिवस चांगले आले ते पिंपळे सौदागरच्या 'नितळ' नावाच्या दुकानामुळे. उंच सोसायट्यांमधली माणसं तिथे हातसडीचा तांदूळ, गुळाची पावडर असलं काही घ्यायला येत. 'नितळ'वाले कुशाबाईचं तेल घेऊन काचेच्या बाटल्यांत भरत आणि आपल्या नावाने विकत. बाटलीवर कुशाबाईचं नाव नव्हतं, पण दुकानवाल्यांनी एकदा घाण्यावर येऊन तिचा व्हिडिओ केला होता. नऊवारी नेसलेली कुशाबाई ओंजळीत करडई घेऊन उभी, मागे घाण्याचा लाकडी दांडा, लाट, फिरतेय. तो व्हिडिओ सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. बाळूच्या कंपनीतसुद्धा लोक त्याला विचारायचे, "ती तेलवाली तुझी आई का रे?" आणि तो लाजून हो म्हणायचा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला प्रयोगशाळेत करडईच्या तेलाचा एक नमुना आला. नमुन्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. शाहीनने नळी भरली, मशीनमध्ये सोडली आणि पडद्याकडे बघत बसली.

करडईच्या तेलाची एक खूण असते. त्यात लिनोलिक अ‍ॅसिड खूप, इतकं की त्याचं शिखर दुरून ओळखू यावं. इथे ते शिखर उठलंच नाही. जिथे सुळका असायचा तिथे नुसतं टेकाड. उलट ओलिक अ‍ॅसिड भरमसाट.

"ही करडई नाही," ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर बुद्धरत्न काम करायचा. परभणीकडचा, तिच्या आधीपासून इथे असलेला, शांत माणूस. तो उठून आला. "काय मिसळलंय मग?"

इथेच शाहीन अडखळली होती. पामोलिन म्हणावं तर त्याने संपृक्त अ‍ॅसिड वाढायला हवीत, ती इथे अगदी कमी होती. शेंगदाणा म्हणावं तर तेच. सोयाबीनची खूण नाही, मोहरीची नाही. ज्या स्वस्त तेलांची भेसळ होते त्यातलं एकही इथे बसत नव्हतं.

"कळत नाही," ती म्हणाली. "कशाचंच वाटत नाही. खाली तसं लिहू का? की भेसळीची ओळख पटत नाही, बियाण्याचा वाण तपासावा?"

"मॅडमला विचार बाबा," बुद्धरत्न म्हणाला.

संस्कृती मॅडम प्रयोगशाळेच्या संचालिका. वयाने शाहीनपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. कुणावर आवाज चढवायच्या नाहीत, सगळ्यांना 'डियर' म्हणायच्या. त्यांनी पडद्याकडे एक नजर टाकली. "क्लायंटने काय विचारलंय? हे करडईच्या निकषात बसतं का, एवढंच ना? बसत नाही. तेवढंच लिही. जे विचारलं नाही ते आपण सांगायला गेलो की उद्या त्याची जबाबदारी आपली."

शाहीनने तेवढंच लिहिलं. 'नमुना करडई तेलाच्या प्रमाणित निकषांशी जुळत नाही.' खाली सही केली. वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. मनात जे खुपत होतं ते संध्याकाळच्या नमुन्यांच्या गर्दीत राहून गेलं.

आठवडाभराने इब्राहिम दुकानातून लवकर घरी आला. हातपाय न धुता ओट्यावर बसून राहिला.

"कुशाबाईच्या मागे काय लागलंय बघ," तो म्हणाला. "पिंपळे सौदागरवाल्यांनी तिचं तेल बंद केलं. भेसळ सापडली म्हणे. मोबाइलवर सगळ्यांना कळवलं. तिच्या दारात लोक बाटल्या परत आणून टाकतायत."

"कोण म्हणालं भेसळ?"

"तपासून आणलं म्हणतात. चाकणमधूनच."

शाहीनने फोन घेतला. 'नितळ'च्या पानावर लिहिलेलं होतं: आमच्या एका पुरवठादाराच्या करडई तेलात प्रयोगशाळेच्या तपासणीत भेसळ आढळली आहे, ग्राहकांचा विश्वास हाच आमचा श्वास, म्हणून आम्ही तो पुरवठा तत्काळ थांबवला आहे. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला होता. खाली लोकांनी लिहिलेलं ती वाचत गेली. नऊवारी नेसून फसवतात. गरीब म्हणून विश्वास ठेवला. माझ्या मुलाला हे तेल मी वर्षभर घातलं.

'जुळत नाही' असं तिने लिहिलं होतं. त्याचं 'भेसळ' कुणी केलं, कुठे केलं, हे शोधायला कुणी बसणार नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली, "तो नमुना माझ्या हाताखालून गेलाय."

इब्राहिमने तिच्याकडे बघितलं. आत उठून गेला. त्या दिवसानंतर त्याने दुकानात तिच्या नोकरीचं नाव काढलं नाही.

रविवारी शाहीन कुरुळीला गेली. इब्राहिम बरोबर आला, पण शेडच्या बाहेरच गाडीपाशी थांबला. दारात बाळू होता. शिफ्ट करून आलेला, डोळे तांबारलेले. 'नितळ'वाल्यांनी पाठवलेल्या रिपोर्टखाली शाहीनची सही त्याने पाहिली होती.

"आता काय तपासायला आलीस?" तो म्हणाला. "आमच्या डब्यातलं खाऊन मोठी झालीस, आन तुला सही करवली तरी कशी? गावात काय म्हणतात ठाऊक हाय का? तांबोळ्याच्या पोरीनं आमचा घाणा बुडवला म्हणतात. आजवर कुणी तांबोळी म्हणत नव्हतं. इब्राहिमभाऊच म्हणायचं समदं गाव."

"बाळू, गप," आतून कुशाबाई म्हणाली. "येऊ दे तिला."

घाणा थांबलेला होता. भिंतीपाशी परत आलेल्या बाटल्या रचून ठेवल्या होत्या, काही अर्ध्या वापरलेल्या. कुशाबाई पोत्यावर बसली होती. तिने शाहीनला बस म्हटलं नाही.

"म्या त्यात काय बी घातलं न्हाई," ती म्हणाली. "तुला सांगून काय उपेग, पर सांगते."

"मावशी, या वर्षीची करडई कुठली?"

"बिरूची. दुसऱ्या कुणाची असणार?"

"दरवर्षीचंच बी?"

"न्हाई. औंदा त्यानं नवं बी पेरलं. शेतीखात्याची माणसं आली व्हती, त्यांनी दिलं. तेल जास्त दिवस टिकतं म्हणाली. का? ते वंगाळ हाय का?"

ओलिक जास्त असलेल्या करडईचे नवे वाण आले आहेत, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचून विसरली होती. निकष जुन्या करडईवरून बांधलेले, आणि नळीत आलं होतं नव्या करडईचं तेल. त्या दिवशी जे कशाचंच वाटत नव्हतं, ते करडईचंच होतं.

"मावशी, मूठभर बी द्या मला."

कुशाबाईने पोत्यात हात घातला आणि करडई तिच्या रुमालात ओतली. "घे. आजून काय तपासायचं ऱ्हायलंय ते तपास."

सोमवारी सगळे जेवायला गेले तेव्हा शाहीनने ते दाणे कुटले, त्यातलं तेल काढलं आणि नळी भरली. जुन्या नमुन्याचा आलेख पडद्यावर उघडा होता. नवा त्याच्यावर उमटू लागला. रेघेवर रेघ बसली. टेकाडावर टेकाड, सुळक्यावर सुळका. कुठे केसभर फरक नाही. तिचे डोळे भरून आले. बुद्धरत्न डबा खाऊन आला तर ती तशीच उभी.

"काय करायलीस?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने ते तेल जुन्या मशीनवर लावलं, संध्याकाळपर्यंत थांबला, आणि तिथलं उत्तरही तेच आलं.

"जा आता," तो म्हणाला. "दोन्ही घेऊन जा."

संस्कृती मॅडमनी दोन्ही आलेख शांतपणे पाहिले. पाणी मागवलं, शाहीनला दिलं.

"खूप छान काम केलंस. पण मला एक सांग, आपला पहिला रिपोर्ट चुकीचा आहे का?"

"आकडे बरोबर आहेत. पण त्याचा अर्थ—"

"अर्थ आपण लावला नाही. क्लायंटने लावला. शिवाय हे बी त्याच तेलाचं, याला पुरावा काय? ओलिकवालं सूर्यफूल मिसळलं तरी आलेख असाच दिसेल ना?"

"मॅडम, ते तेल परदेशातून येतं, करडईपेक्षा महाग. ती बाई कुरुळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून महागडं तेल आणून स्वस्तात मिसळेल? आपण नितळवाल्यांना नुसतं कळवू. की नव्या वाणाचं तेल असू शकतं, पुन्हा तपासा. एक ओळ."

"आणि आपण पहिल्यांदाच ते का नाही लिहिलं, असं त्यांनी विचारलं तर?"

लिहू का म्हणून तिनेच विचारलं होतं, आणि नको म्हणणारी बाई समोर बसली होती. दोघींनाही ते आठवत होतं.

"ठेव माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "मी बघते."

शाहीनने विश्वास ठेवला. कुरुळीला जाऊन कुशाबाईला सांगितलंही, की मावशी, तुमचं तेल खरं आहे, मी सिद्ध केलं. कुशाबाईने डोळे मिटून हात जोडले, पण ते शाहीनला नव्हते, भिंतीवरच्या देवाला होते. मग म्हणाली, "तर मग सांग की समद्यांस्नी."

"मॅडम बघते म्हणाल्यात."

"बघू दे," कुशाबाई म्हणाली.

मॅडम बघत राहिल्या. उन्हाळा सरत आला. 'नितळ'चं सोडाच, कुरुळीतली रोजची गिऱ्हाइकंही घाण्याकडे फिरकेनात. तेलाचं काम विश्वासावर चालतं, एकदा नाव गेलं की शेजारीण वाटीभर तेल न्यायलाही कचरते. रंगरावांनी शेडच्या जागी कामगारांसाठी खोल्या काढायचं ठरवलं. ते वाईट माणूस नव्हते. कुशाबाईला त्यांनी दिवाळीपर्यंत थांबू का असं विचारलं, तिनेच नको म्हटलं. घाणा सासवडच्या कुणीतरी नेला. मोटार उतरवायला इब्राहिम गेला होता. त्याने नटबोल्ट सोडवले, तारा गुंडाळल्या. शाहीनने घरी विचारलं, कुशामावशी काय म्हणाल्या. "चहा केला तिने," एवढंच तो बोलला.

त्यानंतरच्या शनिवारी शाहीन रजा टाकून पिंपळे सौदागरला गेली. 'नितळ'मध्ये गार हवा होती, लाकडी फळ्यांवर बरण्या मांडलेल्या. व्यवस्थापक तरुण, नम्र. तिने स्वतःचं नाव सांगितलं, प्रयोगशाळेचं सांगितलं, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तेल खरं होतं. बी नवं होतं. निकष जुना होता. तुम्ही भेसळ लिहिलंत ते काढा, त्या बाईचं नाव धुऊन द्या.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. तिला लिंबाचं सरबत दिलं. "वाईट वाटलं हो ऐकून. मी वर कळवतो," म्हणाला.

त्याने कळवलं. सोमवारी सकाळी मॅडमनी शाहीनला बोलावलं. या वेळी 'डियर' नव्हतं.

"क्लायंटची माहिती तू ओळखीच्यांना दिलीस. क्लायंटकडे परस्पर गेलीस. मशीन खासगी कामाला वापरलंस. मी तुला आजच काढू शकते. काढत नाही, कारण तुझा हेतू चांगला होता. उद्यापासून पाण्याच्या विभागात जा."

"मॅडम, त्या बाईचा घाणा गेला."

"मला खरंच वाईट वाटतं," मॅडम म्हणाल्या. आणि खरंच वाटत असावं, कारण त्यांनी नजर खाली वळवली. पण त्याने काही फरक पडला नाही.

शाहीन पुन्हा बोअरच्या पाण्याकडे आली. चुंबकाचं मशीन काचेच्या भिंतीपलीकडे होतं, आता त्यावर बुद्धरत्न बसायचा. तो संकोचायचा, तिच्याकडे बघायचं टाळायचा. तिने एकदा जाऊन सांगितलं, "तुझा काय दोष? चालव." कुशाबाई तोवर एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागली होती, पोळ्या लाटायला.

पुढच्या उन्हाळ्यात बुद्धरत्नने तिला हाक मारली. पडद्यावर आलेख होता. तिला वाचायची गरज पडली नाही. ते टेकाड तिने झोपेतही ओळखलं असतं.

"कुणाचं?" तिने विचारलं.

त्याने टेबलावरची बाटली तिच्याकडे सरकवली. नवीन लेबल होतं. 'नितळ हाय ओलिक करडई तेल. हृदयासाठी उत्तम.' किंमत जुन्या बाटलीच्या दुपटीहून जास्त.

"यांना कुणी सांगितलं?"

"तू दिलेले आलेख मॅडमनी त्यांना दाखवले होते," बुद्धरत्न म्हणाला. "बहुतेक मागच्याच पावसाळ्यात. पण कुशाबाईसाठी नाही. नवीन माल बाजारात आणता येईल म्हणून. करडई त्यांनी व्यापाऱ्यामार्फत मंगळवेढ्याकडून उचलली. आता तेलाच्या प्रत्येक खेपेला प्रमाणपत्र लागणार आहे. मॅडम म्हणाल्या, या वाणाची सगळ्यात जास्त माहिती शाहीनला आहे, तिला परत मशीनवर घ्या."

ती मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम हसून म्हणाल्या, "बघ, तुझं काम वाया गेलं नाही."

"मी सही करते," शाहीन म्हणाली. "तेल खरं आहे, मग सही करायला माझं काय जातं? पण आधी मागच्या वर्षीच्या त्या नमुन्यावर पत्र पाठवा. की ते हेच तेल होतं. त्यांनी जसं सगळ्यांना कळवून भेसळ म्हटलं, तसंच कळवून चुकलो म्हणू दे."

"ते आता कसं शक्य आहे? त्यांचं नवीन उत्पादन बाजारात येतंय, आणि त्यांनी स्वतःच म्हणायचं की हेच तेल आम्ही नापास केलं होतं?"

"म्हणजे तेल पास, बाई नापास."

शाहीनने त्याच दिवशी राजीनामा दिला. कुणी तिला थांबवलं नाही. प्रमाणपत्रांवर बुद्धरत्नने सह्या केल्या.

कुशाबाईला हे आपणच सांगायला हवं असं तिला वाटलं. दुकानाच्या काचेत ती बाटली एक दिवस तिच्या नजरेला पडणारच होती. कॅन्टीनची दुपारची पाळी सुटली तेव्हा शाहीन कंपनीच्या फाटकापाशी उभी राहिली. बायका डोक्यावरच्या टोप्या काढत बाहेर पडत होत्या. कुशाबाईच्या हाताला पीठ होतं, अंगाला तळणाचा वास. दोघी रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकल्या. शाहीनने सगळं सांगितलं.

कुशाबाईने ऐकलं. बिरूची करडई तिथे जाते हे तिला माहीत होतं. "माझा घाणा मोडल्यावर त्यानं कुठं घालायची? मीच म्हणलं, घाल बाबा त्यांस्नी. त्याची तरी लेकरं खातील," ती म्हणाली. मग बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडू लागली.

"म्हंजी आता समदी म्हणत्यात, तेल चांगलं हाय."

"हो."

"आन माझं नाव?"

"त्यासाठीच मी नोकरी सोडली, मावशी."

"तू नोकरी सोडलीस ते मला का सांगतीस?" कुशाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी सोड म्हणले न्हाई. तू तुझ्यासाठी सोडलीस. मला काय मिळालं त्यातनं? पोरी, तू वाईट न्हाईस, मला ठाव हाय. पर तुला बघितलं की मला त्या परत आलेल्या बाटल्याच दिसत्यात. तू येत जाऊ नगंस."

ती उठली, पदराने हात पुसले आणि रिक्षात बसलेल्या बायकांत जाऊन बसली.

त्या ईदला कुरुळीहून डबा आला नाही. इब्राहिमने शीरखुर्मा पाठवायचा की नाही यावर बराच विचार केला आणि शेवटी पाठवला. भांडं दुसऱ्या दिवशी घासून परत आलं, रिकामं. बाळू दारातूनच ठेवून गेला. इब्राहिम शाहीनशी पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागला होता, पण कामाविषयी विचारत नव्हता आणि तीही सांगत नव्हती.

भोसरीच्या एका रंगाच्या कारखान्यात तिला काम मिळालं. रंगात घालायला तिथे करडईचं तेल येतं, जवसाचं येतं. पहिल्याच दिवशी तिथला प्रमुख, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस, तिला गोदामात घेऊन गेला आणि एका पिंपावर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, इथे तेल आलं की पहिला प्रश्न विचारायचा, वाण कोणता? जुन्या करडईचं तेल रंगात वाळतं, नव्या करडईचं वाळत नाही. दोन्ही खरीच, पण दोन वेगळी. हे माहीत नसलं तर उगाच चांगला माल परत जातो आणि पुरवठादाराशी भांडण होतं."

शाहीन काही बोलली नाही. तिला हे समजलं नसावं असं त्याला वाटलं. म्हणून खिशातून पेन काढून पिंपाच्या झाकणावर तो तिला लिनोलिक आणि ओलिक म्हणजे काय ते सुरुवातीपासून समजावू लागला, आणि तिने त्याला समजावू दिलं.